धुराडं दिसेल तेवढं शहर

...आता ते बंदर तिसरं होतं की चौथं, हे काही मला छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही. मला वाटतं तिसरं. बायको म्हणते चौथं. म्हणजे चौथंच असणार, कारण आमच्या घरात बरोबर असण्याचं खातं पहिल्यापासून तिच्याकडे आहे, माझ्याकडे फक्त शंकांचं. ऊन होतं की ढगाळ होतं, तेही धड आठवत नाही. छत्री घेतली होती एवढं आठवतं, पण त्याला काही अर्थ नाही, छत्री मी कायमच घेतो. तरी तुम्हाला सांगतो, त्या दिवशी जे झालं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगणार आहे, आणि कुठे चुकलो तर... चुकलो तर चुकलो, इथे ती नाहीये.

त्याचं काय आहे, मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. संभाव्यता! अमुक होण्याची शक्यता किती, तमुक न होण्याची किती. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज विमा कंपन्यांत बसून माणूस साधारण कधी मरेल ते सांगतात हो! आणि मी? मला हॉटेलात चहा घेऊ की कॉफी विचारलं तर घाम फुटतो. वेटर म्हणतो, "साहेब, पुन्हा येऊ का थोड्या वेळाने?" मी म्हणतो, "या." तो येतच नाही. शहाणा असतो तो.

बरं, हे सगळं आमचं सुरळीत चाललं होतं, कारण बायको मुख्याध्यापिका. कुठला वर्ग कुठे बसेल, कुणाला कुठला तास, कुणाच्या आईला कधी बोलवायचं, स्नेहसंमेलनात कुणाला झाड करायचं नि कुणाला राजा, सगळं हिने ठरवायचं. आणि संध्याकाळी घरी आली की पडदे कुठले, भाजी कुठली, मुलीला शाळा कुठली, नंतर मुलीला नवरा कुठला... नाही, तो मुलीने ठरवला, पण हिने मंजूर केला. मी कुठे होतो? मी होतो ना. मी "दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे" असं म्हणत बाजूला उभा होतो.

तर ती निवृत्त झाली, आणि मुलीने नि जावयाने आम्हाला ही जहाजाची सफर भेट दिली. रोज सकाळी नवं बंदर, दिवसभर गाव बघा, संध्याकाळी जहाजावर परत. झकास! पहिली दोन बंदरं (किंवा तीन!) हिनेच निभावली. आणि मग हे ऐतिहासिक शहर यायच्या आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये पलंगावर पाय पसरून, छताकडे बघत ती म्हणाली, "अहो, एक मागू?"

मी म्हटलं, "माग की."

"उद्याचा एक दिवस मला काही ठरवायला लावू नका. मी आता दमलेय हो ठरवून ठरवून. एक दिवस, फक्त एक दिवस. ठरवा तुम्ही. मी काही बोलणार नाही."

तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हणजे दळण आणा, दिवा बदला, हे सोडून. दागिना मागितला असता, आणला असता... तिलाच बरोबर नेऊन आणला असता. आणि मागितलं काय? तर निर्णय! तोही माझा! अहो, माशाकडे सायकल मागावी तसं झालं. पण चेहरा इतका थकलेला होता तिचा की मी नाही म्हणू शकलो नाही. अर्थात नाही म्हणणं हाही एक निर्णयच, तोही मला कुठे जमतो?

आता पर्याय किती होते बघा. एक, जहाजाची स्वतःची सहल. छातीवर नंबराचा गोल कागद चिकटवायचा, पुढे एक बाई काठीला रुमाल बांधून चालणार, मागे आपण मेंढरं. दोन, ती गावभर फिरणारी बस, हव्या त्या थांब्यावर उतरा, बघा, पुढची पकडा. तीन, टॅक्सी. चार, टायरवर चालणारी ती रंगीत झुकझुक गाडी, तीत बसलं की पोक्त माणूससुद्धा कुणाच्या तरी वाढदिवसाला आल्यासारखा दिसतो. पाच, पायी. आणि सहा, कुठेही न जाता जहाजावरच बसणं, हा माझ्या मनातला खरा पर्याय, पण तो बोलून दाखवायची सोय नव्हती.

गेलो सहलीच्या टेबलाशी. तिथली मुलगी इतकं गोड हसली की मला संशयच आला. म्हणाली, "सर, आमच्या सहलीला गेलात आणि बसला उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबतं."

"आणि आपले आपण गेलो तर?"

"तर नाही थांबत, सर." तेच हसू! तोच गोडवा! जणू काही "साखर किती?" विचारते आहे!

झालं. तिथून पुढे माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र. धक्क्यावर आम्ही दोघं म्हातारे, हातात एक कापडी पिशवी नि छत्री, आणि जहाज चाललंय दूर... रक्तदाबाच्या गोळ्या जहाजावर, आमचे कपडे जहाजावर, तिचा वाचायचा चष्मा जहाजावर, आणि ती मला म्हणतेय... काय म्हणतेय? काहीच नाही म्हणत! मी काही बोलणार नाही म्हणाली ना ती!

म्हटलं, मग सहलच घ्यावी. पण जेवणाच्या टेबलावर कोण? बारा बंदरं! हे आम्ही ठेवलेलं नाव हो. लोक बारा गावचं पाणी प्यायलेले असतात, हा बारा बंदरांचं. दर वर्षी जहाजाने फिरणार, पांढरी टोपी, आणि समोरच्याला अडाणी समजायची दांडगी हौस. मी नुसतं "उद्या जहाजाची सहल..." म्हटलं, तर हातातला काटा खाली ठेवला त्याने. "जहाजाची सहल? अहो प्रोफेसर, वेडे आहात का? निम्मा वेळ लोक मोजण्यात जातो! एक म्हातारी हरवते, ती बाथरूममध्ये सापडते, तोवर किल्ला बंद! टॅक्सी करा, टॅक्सी!" आणि त्याची बायको लगेच, "यांचं ऐका हं, यांना सगळं ठाऊक असतं." मी आमच्या हिच्याकडे बघितलं. ही पावाला लोणी लावत होती. इतक्या सावकाश लोणी लावताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, "काय गं, टॅक्सी?" तर म्हणाली, "ठरवा तुम्ही. मी काही बोलणार नाही."

मुलीला फोन लावला. "बाबा, सोप्पं आहे हो. आईला काय आवडेल ते करा."

"पण ते आईलाच ठाऊक ना? आणि ती सांगत नाहीये."

"मग तुम्ही ठरवा."

"काय ठरवू?"

"आईला आवडेल ते."

इथे जावयाचा आवाज आला मागून, "बाबा, तुम्ही प्रत्येक पर्यायाला गुण द्या आणि बेरीज करा!" मला! संख्याशास्त्र! मलाच शिकवतोय! पण केली हो बेरीज मी, काय सांगू. सुरक्षितता, सोय, इतिहास, सावली, स्वच्छतागृह... सगळ्या पर्यायांना जवळजवळ सारखेच गुण पडले. पडणारच. देणारा मीच ना!

रात्री म्हटलं सहल, सकाळी उठून म्हटलं टॅक्सी, दात घासता घासता म्हटलं बस, आणि न्याहारीला बारा बंदरं दिसला म्हणून म्हटलं सहलच बरी. धावत गेलो त्या गोड मुलीकडे. "सर, आता एकच जागा शिल्लक आहे."

एक! मी हिच्याकडे बघितलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. तिला वाटलं असेल का, की हा माणूस आता एकटाच जातोय की काय? की मला एकटीला पाठवतोय? की तिला ते आवडलंच असतं? मी अजूनही यावर विचार करतो.

असो. उतरलो. बंदराचं फाटक ओलांडलं आणि समोर ते शहर... काय सांगू तुम्हाला! वर टेकडीवर किल्ला, खाली उतरत आलेली लाल कौलं, दगडी पायऱ्या, कमानी. आणि आमच्या नि त्या शहराच्या मध्ये टॅक्सीवाले. "या साहेब! किल्ला, राजवाडा, जुना बाजार, सगळं दाखवतो, वेळेत आणून सोडतो!" एक बरा वाटला. मी आपलं विचारलं, वेळेत म्हणजे किती वेळेत? रस्त्यात गर्दी झाली तर? गाडी बंद पडली तर दुसरी मिळते का? टायर कधी बदलले? जादा चाक आहे का, आणि त्यात हवा? तो बिचारा आधी उत्तरं देत होता. मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, तुम्ही गाडी भाड्याने घेताय की पोरगी देताय मला?"

बाकीचे टॅक्सीवाले जे हसले! आणि माझ्या मागून... मला वाटतं ही पण हसली. वळून बघितलं तर चेहरा कोरा. "काय गं, घ्यायची का हीच?"

"ठरवा तुम्ही..."

पुरे. पुढचं मीच म्हटलं.

मग बस. वरच्या मजल्यावर बसलो, कानात ते बोलणारं यंत्र घातलं, त्यात एक गृहस्थ अतिशय गंभीर आवाजात सांगायला लागला की हे शहर चार वेळा जळालं आणि चारही वेळा उभं राहिलं. बस निघाली. वळली. आणि वळल्याबरोबर जहाज दिसेनासं झालं! अहो, केवढं ते जहाज, दहा मजली इमारत, आणि एका वळणासरशी गायब? माझा हात घंटीवर गेला कधी ते मलाच कळलं नाही. पहिल्याच थांब्यावर आम्ही खाली. तो पहिला थांबा कुठे होता माहितीये? बंदराच्या फाटकाच्या दुसऱ्या बाजूला! ते टॅक्सीवाले तिथूनही आम्हाला दिसत होते. म्हणजे आम्ही त्यांना. एकाने हातसुद्धा हलवला.

आता उरलं पायी. आणि इथे मला एक तोडगा सुचला, ज्याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला होता. जहाजाचं धुराडं होतं ना, निळं, वर पांढरा पट्टा, ते गावातून बरंच लांबवर दिसत होतं. मी नियम केला, धुराडं दिसेल तिथपर्यंतच जायचं. दिसेनासं झालं की परत फिरायचं! सोपं, शास्त्रीय, बिनधोक. फक्त धुराडं मागे आणि शहर पुढे, ही एक अडचण होती. म्हणून मी उलटा चालायला लागलो. अहो, हसू नका. आधी थोडं सरळ, मग थोडं उलटं, असं. ही पुढे बघत चाललेली, मी मागे बघत चाललेलो, आणि मध्ये आमची कापडी पिशवी, एक बंद तिच्या हातात, एक माझ्या.

गल्ली वळली की परत. दुसरी गल्ली, चांगली सुरू झाली, दोन्ही बाजूंना कुंड्या, कोरलेले दरवाजे, मी म्हणतोय "वा वा," आणि गेलं धुराडं! परत. तिसरी गल्ली. परत. एक बाई पहिल्या मजल्याच्या खिडकीत कपडे वाळत घालत होती, तिने आम्हाला येताना बघितलं, जाताना बघितलं, पुन्हा येताना बघितलं. शेवटी वरून ओरडली, "हरवलात का हो?"

मी म्हटलं, "नाही नाही, हरवू नये म्हणून!"

तिने हातातला चिमटा तोंडात धरला आणि हिच्याकडे बघितलं. हिने तिच्याकडे बघितलं. बायका एकमेकींकडे एकदाच बघतात आणि सगळा इतिहास सांगून होतो, तिथे कसली सहल नि कसला वाटाड्या!

आणि मला, खरं सांगतो, एकदम फार वाईट वाटलं. या बाईने एक दिवस मागितला होता. तिला वाटलं असेल, कुणीतरी हात धरून नेईल, इकडे बघ, तिकडे बस, हे खा. आणि मी तिला गल्लीबोळांतून कुंभारचाकासारखं गोल गोल फिरवतोय. वर किल्ल्यावर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, त्यांत बारा बंदरंही असणार. म्हटलं, संपलं. आता ही सांगणार, "चला, इकडे." सांगितलं असतं तर मी सुटलो असतो हो! पण तिचा दिवस गेला असता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोलू नकोस, बोलू नकोस... आणि बोल बाई एकदाची, असंही म्हणत होतो.

तेवढ्यात एक छोटा चौक आला. मध्ये एक झाड, झाडाखाली बाक, एका बाजूला पावाचं दुकान, आणि दोन घरांच्या फटीतून धुराड्याचा जेमतेम वरचा पट्टा दिसतोय. मी उलटाच चाललो होतो. आणि ती थांबली. वाकली. हात गुडघ्यावर, चेहरा असा... आणि म्हणाली, "गुडघा."

एवढंच. एकच शब्द.

आणि तुम्हाला सांगतो, माझ्या आत काय झालं कोण जाणे! सगळे पर्याय, सगळ्या बेरजा, बारा बंदरं, ती गोड मुलगी, सगळं धुऊन गेलं. मी म्हटलं, "बस. इथे बस. आता कुठेही जायचं नाही." आवाज माझाच होता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "अहो पण किल्ला..." मी म्हटलं, "किल्ला गेला खड्ड्यात. मी ठरवलंय. आज आपण हा बाक बघणार." आणि ती बसली! निमूट! बूट काढले, पाय पिशवीवर ठेवले. मी पावाच्या दुकानातून दोन गोड पाव आणले, कुठले ते न विचारता, न वास घेता, बोट दाखवून आणले! त्या दिवशी मी काय नव्हतो!

आणि मग ते कपाट आलं. समोरच्या घरात चार माणसं एक भलंमोठं लाकडी कपाट नेत होती, आणि ते दारातून जाईना. आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं. एक म्हणतोय "दार काढा," दुसरा म्हणतोय "पाय काढा," घरमालकीण म्हणतेय "आधी तुमच्या चपला काढा!" एक आजोबा आतून ओरडताहेत, "मी सांगत होतो, मी सांगत होतो!" पण काय सांगत होते ते सांगत नाहीत. कपाट अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि एक माणूस आत अडकलेला, त्याचा फक्त आवाज येतोय. मी हिला म्हटलं, "अगं, तिरकं करून वरची बाजू आधी घातली की जाईल. तू सांग ना त्यांना." कारण माझी खात्री होती, हिला ते केव्हाच दिसलं असणार. अख्ख्या शाळेचे बाक हिने या मजल्यावरून त्या मजल्यावर चढवलेत.

ती पाव चावत म्हणाली, "मला काय करायचंय? ठरवतील ते."

आणि हसायला लागली. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी इतक्या वर्षांत तिला असं बसून हसताना... म्हणजे ती हसायची, पण उभ्याने, कामात. मग झाडाची सावली आमच्यावरून सरकत गेली, कपाट शेवटी खिडकीतून दोर लावून वर चढवलं, चौकातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. आणि ती माझ्या खांद्याला टेकून चक्क झोपली. मी हललो नाही. खांद्याला मुंग्या आल्या तरी हललो नाही. हलावं का, हा प्रश्नसुद्धा पडला नाही.

परत जहाजावर इतक्या लवकर पोचलो की फाटकावरचा माणूस म्हणाला, "काही विसरलात का?" गुडघा? गुडघा तोवर बराच बरा होता. म्हटलं, विश्रांती मिळाली ना!

जेवणाच्या टेबलावर बारा बंदरं उन्हाने लाल झालेला. किल्ल्याच्या पायऱ्या, तोफा, बुरुजावरचं दृश्य, टॅक्सीवाल्याशी घातलेली हुज्जत, एक तासभर ऐकवलं. मग आमच्याकडे वळला. "तुम्ही काय बघितलंत, वहिनी?"

ही म्हणाली, "कपाट."

"कपाट? कुठल्या काळातलं?"

"ते नाही विचारलं. पण फार मोठं होतं."

त्याने काटा उचलला आणि जेवायला लागला. सफरीत पहिल्यांदा!

तेव्हापासून मी हे कितीजणांना सांगितलंय. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला सांगितलं असतं, पण तो आधीच होऊन गेला होता. मुलगी म्हणायची, "बाबा, तुम्हाला काही ठरवता येत नाही," की मी म्हणायचो, "का? त्या शहरात कुणी ठरवलं होतं? विचार आईला!" आणि ही मान डोलवायची. दर वेळी डोलवायची.

...आता यंदाची गोष्ट. बऱ्याच वर्षांनी हिचा गुडघा सुजला, हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे, डॉक्टर तिनेच ठरवला. त्यांनी विचारलं, "कधीपासून दुखतोय?" मी पुढे सरसावलो. म्हटलं, निदान हे तरी मला नक्की ठाऊक आहे. "जुनं दुखणं आहे डॉक्टर, आम्ही जहाजाने गेलो होतो ना, तेव्हापासून..."

ही म्हणाली, "छे हो! या थंडीपासून. त्याआधी कुठे काय होतं?"

बाहेर आल्यावर म्हटलं, "अगं, मग त्या चौकात...?"

"कुठल्या चौकात?"

"बाकापाशी! वाकली होतीस! गुडघा म्हणालीस!"

ती छत्री उघडत होती. तिने जरा आठवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "हां, ते! अहो, तुम्ही उलटे चालला होतात, मागे पायऱ्या होत्या. आणि बाक छान होता. कुणीतरी ठरवायला नको का?"

घरी आल्यावर मी दार लावून डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, विज्ञान काय म्हणतं बघू, हिचीही आठवण चुकू शकते, शक्यता नाकारता येत नाही. ते म्हणाले, "नाही हो प्रोफेसर, एवढी जुनी झीज असती तर एक्स-रेत दिसली असती. त्या वेळी त्यांचे दोन्ही गुडघे अगदी ठणठणीत होते."